दोन तासांचा देश

कतारमधल्या रास लफानच्या गॅस प्रकल्पाकडे जाणाऱ्या कंपनी बसमध्ये माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ एकदा युरोप टूरमध्ये लिश्टेनस्टाइन नावाच्या आल्प्समधल्या चिमुकल्या, गडगंज देशात दोन तास उतरले होते. त्याला चार वर्षं झाली, पण माझी अजून सुटका नाही. बसचा एसी बिघडला की, "आमच्या लिश्टेनस्टाइनला हवा काय होती, साहेब." बसला उशीर झाला की, "तिकडं हे खपवून घेत नाहीत." दोन तासांत यांनी कुठली बस पाहिली, देव जाणे.

काल नव्या फिटरला दाखवायला त्यांनी जुना पासपोर्टच आणला. तिथल्या टुरिस्ट ऑफिसात हौसेनं मारून घेतलेला शिक्का शोधताना दहा वर्षांच्या दोहाच्या शिक्क्यांची पानं त्यांनी न बघता भराभर उलटली.

माझ्या पासपोर्टात फक्त ती दोहाचीच पानं आहेत.