सुकट उचल

काल पालघरला माझ्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ते गाणं पुन्हा लागलं. या वर्षीचं नवं रिमिक्स. बोईसरच्या कंपनीत सकाळची पाळी करून आलेली मी मागच्या खुर्चीत नुसती बसले होते. "कुत्रा आला गो, सुकट उचल!" ही ओळ आली आणि अख्खा हॉल हसत ओरडला.

मूळ गाणं मी लहान असताना आमच्या गावी, दांडीला, घरच्या अंगणात रेकॉर्ड झालं होतं. काकाचा बेंजो, दोन ढोल आणि एक मोबाइल. आईने मला वाळत घातलेल्या सुकटीच्या राखणीला बसवलं होतं, पण मी बेंजोसमोर नाचत होते. पहाटेपासून बंदरावर राबून, डोक्यावर पाटी घेऊन आई आली, तर कुत्र्याचं तोंड सुकटीत. ती माझ्यावर ओरडली, ते गाण्यातच राहिलं.

"काडून टाक रे ते," आई लाजून म्हणाली.

"नाय गो वयनी, तालात वरडलीस!" काका हसला.

गाणं लग्नालग्नांत वाजलं. पुढे कितीजणींनी ते पुन्हा गायलं, आणि प्रत्येकीने ती ओळ लाडात म्हटली. मला मात्र त्यात आईचा राग ऐकू यायचा.

काल परतताना मी मूळ गाणं लावलं. राग नव्हताच बहुधा. 'उचल' म्हणताना तिचा आवाज बसतो, शेवटचं अक्षर नीट उमटतही नाही. दमलेल्या माणसाचा आवाज आता मला कळतो.

घरी आई अंगणात वाकून सुकट गोळा करत होती. मी बॅग खाली ठेवली.

"सरक गो आई, मी उचलते."