चौसष्टाव्या पानावरच्या तीन ओळी

पुस्तक हातात आलं की मेश्रामकाका आधी त्याच्या पुठ्ठ्यावर बोटाच्या पेराने दोनदा ठकठक करत आणि कान देऊन ऐकत. नोकरीभर त्यांनी स्टेशनात उभ्या गाड्यांची चाकं लांब दांड्याच्या हातोडीने वाजवून तपासली होती. चाक धड असेल तर घंटीसारखं वाजतं, तडा गेला असेल तर बद्द आवाज येतो. "कालचंच चाक आज काहून वाजवायचं, असं नवे पोट्टे विचारत," ते सांगायचे. "अरे, चाक तेच आहे, पण रातभर चालून आलं ना ते."

मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती. मुलगा राजूभैया आणि सून, दोघंही दिवसभर ऑफिसात. रायपूरच्या तेलीबांधा भागातल्या त्या फ्लॅटमध्ये काकांचं जेवण, औषधं, डोळ्यांतले थेंब हे सगळं माझ्याकडे. नवऱ्याला रायपुरात काम मिळालं म्हणून मी साकोलीकडून आले होते. शहरात ओळखीचं कुणी नव्हतं. शिक्षण विचारलं तेव्हा दहावी पास असं सांगून टाकलं. खरं तर आठवीत असताना आईने अंथरूण धरलं आणि माझी शाळा सुटली ती सुटलीच.

पहिल्याच आठवड्यात काकांनी पुस्तक पुढे केलं. एका नावाड्याची कादंबरी, मुखपृष्ठ गेलेली, घरीच पुठ्ठा चिकटवलेली. मी अक्षरं जुळवत वाचू लागले. जोडाक्षरांचा घोळका दिसला की मी गुपचूप पुढच्या परिच्छेदावर उडी मारायची. काका मान हलवत ऐकत. पुस्तक संपलं तेव्हा दुसरं कोणतं काढू विचारलं, तर म्हणाले, "आता पुन्हा पहिल्या पानापासून." दुसऱ्यांदा संपलं, तेच उत्तर.

तिसऱ्यांदाही तसंच झालं तेव्हा मला भीती वाटली. पुस्तक संपल्याचंच काकांना आठवत नाही, असं मी राजूभैयांना सांगितलं. भलं करायला गेले होते. त्यांनी डॉक्टरची वेळ घेतली आणि काकांचं रोज संध्याकाळी शेजाऱ्यांसोबत जवळच्या तलावाला चक्कर मारायला जाणं बंद केलं. म्हातारा माणूस, कुठे भरकटला तर? संध्याकाळी काका बूट घालून दाराशी बसले आणि शेजाऱ्यांना परत पाठवल्याचं ऐकून बूट काढून ठेवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौसष्टावं पान काढायला सांगितलं. मी वाचत गेले आणि नेहमीच्या जागी उडी मारली. त्यांनी हात वर केला.

"इथे तीन ओळी आहेत. तीनही खेपेस तू त्या सोडल्या. पुस्तक मले पाठ आहे पोरी, मी विसरून नाही राहिलो."

खाली मान घालून मी आठवीचं सांगितलं. पहिल्याच वेळी हटकलं का नाही, तेही विचारलं.

"हटकलं असतं तर तू वाचणंच सोडून देतीस. वाटलं, पुढच्या खेपेस जमेल तुले."

मग मी ओळीखाली बोट ठेवलं आणि त्यांनी पाठ असलेलं एकेक अक्षर फोडून सांगितलं. 'निस्तेज मुद्रा', 'स्तब्ध दृष्टी', आणि त्या जड शब्दांच्या मागे एक साधं वाक्य होतं. मरणाला टेकलेली बायको नावाड्याला म्हणते, आज नाव बांधा अन् बसा जरा. आणि तो बसतो.

मग काका म्हणाले की त्यांच्या बायकोने, काकींनीही, त्या वारल्या त्या सकाळी त्यांना असंच थांबायला सांगितलं होतं. "गाडी उभी होती, मी हातोडी घेऊन निघालो. हा नावाडी बसते. दरवेळी बसते. तेच ऐकाले मी पुस्तक उघडतो."

त्या ओळी ऐकण्यासाठी ते तीन वाचनं थांबले होते, आणि मी त्यांना विसराळू ठरवून मोकळी झाले होते.

संध्याकाळी राजूभैया आले. काम जाणार हे धरूनच मी, त्यांच्याशी नेहमी बोलायची तशा मोडक्या हिंदीत, सगळं सांगितलं: बाबूजी काही विसरले नाहीत, मीच ओळी गाळत होते, दहावीही झालेली नाही. राजूभैयांनी पुस्तक घेऊन ते पान काढलं. काकांनी ते न अडखळता म्हणून दाखवलं, आणि काकींची गोष्टही सांगितली.

"बाबूजी, ये आपने मुझे कभी नहीं बताया."

"तू तर हे पुस्तक एकदाच वाचून ठेवून दिलं होतं," काका म्हणाले.

डॉक्टरची वेळ रद्द झाली, तलावाची चक्कर सुरू झाली, माझं काम राहिलं. वाचनही चालू राहिलं. पहिल्या खेपेस तो नावाडी मला हट्टी, खुळा वाटला होता. पाचव्या खेपेस त्याच्या बायकोच्या जागी माझी आई दिसली. तिच्यापायी शाळा सुटली हा राग मी इतकी वर्षं धरून होते. त्या दिवशी तिचा नुसता थकलेला चेहरा दिसला. पुस्तकातलं एक अक्षरही बदललं नव्हतं.

पुस्तक आता माझ्याकडे आहे. फॉर्मवर 'शिक्षण' आलं की अजून हात अडतो, पण खोटं लिहीत नाही.

काका गेल्या थंडीत गेले. त्या सकाळी मी भात टाकला होता, थेंबांची वेळ होत आली होती, कपडे भिजत पडले होते. आतून त्यांनी हाक मारली, "शालू, बस जरा." मी गॅस बंद केला आणि जाऊन बसले.