ओरनला नाव न सापडलेला प्राणी

आमच्या ओरनला आपल्या डोळ्याचा भारी माज. असणारच म्हणा. टोलिडो शहरातल्या काचेच्या कारखान्यात गाड्यांच्या पुढच्या काचा तपासण्यात त्याची हयात गेली. दुसऱ्याला जिथे नुसती स्वच्छ काच दिसायची, तिथे हा केसाएवढा बुडबुडा बोट ठेवून दाखवायचा. आणि हे सगळं एकट्या उजव्या डोळ्यावर, बरं का! डावा लहानपणापासून अधू. "देवाने एकच दिला, पण अस्सल दिला," असं भेटेल त्याला ऐकवायचा.

निवृत्त झाला आणि जेवणाच्या खोलीत खाऱ्या पाण्यातल्या माशांची काचेची टाकी आली. थोडं प्रवाळ, नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे आणि फ्लोरिडाच्या समुद्रातून आलेले दगड. येणारेजाणारे मासे बघत, हा दगड बघत बसायचा. कारण त्या दगडांच्या भोकांतून न बोलावलेले पाहुणे निघतात. केसाळ अळ्या, नखाएवढे तारामासे, काचेसारखी आरपार दिसणारी समुद्रफुलं. ती तर एक राहू दिलं की टाकीभर होतात. दर महिन्याला चर्चच्या तळघरात टाकीवाल्यांची बैठक भरते. तिथे लोक डब्यांमधून काहीबाही घालून आणायचे आणि ओरनपुढे उभे राहायचे. हा डबी खिडकीच्या उजेडाला धरायचा, थोडी फिरवायचा, आणि नाव सांगून मोकळा. वर, "राहू दे, गरीब आहे बिचारा," नाहीतर, "आत्ताच्या आत्ता काढ, मागून रडशील." त्या तासाभरात माझा नवरा राजा असायचा, आणि मी कोपऱ्यात कॉफी ओतत कौतुकाने बघायचे. कौतुकानेच. खोटं कशाला बोलू?

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्याने हाक मारली. "लॉर्ना, इकडे ये. मधल्या दगडावर काय बसलंय हे?"

"कुठे?"

"अगं, हे काय समोर! करडं, गोल, कडा विरघळल्यासारख्या."

मी चष्मा पुसून बघितलं. दगड होता, दगडावर शेवाळ होतं. "मला नाही बाई दिसत काही."

"तुला फ्रीजमधलं लोणी समोर असून दिसत नाही, हे काय दिसणार!"

मी हसून सोडून दिलं. तो मात्र सोडेना. पुस्तकं काढली, भिंग काढलं. असले प्राणी रात्री बाहेर पडतात, हे दिवसाढवळ्या बसतं. आणि जिथे बघावं तिथे सरकतं. "लबाड आहे. मी बघतोय हे त्याला कळतं," असं म्हणायचा. बाटलीत कोळंबीचा तुकडा घालून सापळा लावला, त्यात नुसता एक खेकडा सापडला. शेवटी मीच बैठकीतल्या व्हेल्माला बोलावलं. तिने गुडघे टेकून, टॉर्च मारून सगळी टाकी पालथी घातली.

"ओरन, इथे काही नाहीये रे."

ती गाडीत बसते न बसते तोच हा सुरू. "हिला साधी केसाळ अळी ओळखता येत नाही, चालली मला शिकवायला." पण आवाजात दम नव्हता. ज्याने आजवर सगळ्यांना नावं सांगितली, त्याच्या स्वतःच्या टाकीत बिननावाचं काहीतरी बसलं होतं, आणि ते त्याला आतून पोखरत होतं. त्यात नवीनच काढलं. म्हणे टाकीची कड मधे फुगलीय, काच फुटणार. मी गराजमधून लेव्हल, ती सुतारांची बुडबुड्याची सरळ पट्टी, आणून कडेला लावली. कुठे फट नाही, बुडबुडा अगदी मधोमध.

"लेव्हल बिघडलीय," तो म्हणाला.

मग त्याने दगड काढायला घेतले. आत लपलेलं बाहेर पडावं म्हणून एकेक दगड गोड्या पाण्यात बुडवायचा, ब्रशने घासायचा, बादलीत टाकायचा. पाणी गढूळ झालं. वर्षानुवर्षं वाढवलेलं प्रवाळ लिबलिबीत होऊन गळायला लागलं. एक मासा आडवा तरंगताना मला दिसला आणि माझं टाळकंच सरकलं.

"अरे, काय चालवलंयस हे? मारतोयस सगळ्यांना!"

"ते खातंय त्यांना, लॉर्ना!"

"ते नाही, तू खातोयस! तू!"

तो हातातला दगड छातीशी घट्ट धरून टाकीकडेच बघत राहिला. घाबरलेला ओरन मी तोवर कधी बघितला नव्हता, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

रविवारी दुपारी शेवटचा दगड बाहेर आला. उरलेला मासा बादलीत. टाकीत नुसतं पाणी आणि तळाची काच. ओरन वाकला आणि केवढ्यांदा ओरडला, "सापडलं! बघ, आलं की नाही उघड्यावर? आता जाईल कुठे!"

टाकीत काही म्हणजे काही नव्हतं. सकाळीच त्याने पेपरवाल्यांना शिव्या घातल्या होत्या, मधल्या ओळी पुसट छापतात म्हणून. ते मला आठवलं.

"ओरन," मी म्हटलं, "टाकी सोड. जरा भिंतीकडे बघ."

"भिंतीचं काय मधेच?"

"बघ रे. माझ्यासाठी."

त्याने मान वळवली. पांढरी, कोरी भिंत. तो बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "इथेही आहे."

"आता माझ्याकडे बघ."

तो वळायला तयार होईना. मी त्याचा दंड धरला, तेव्हा वळला. तो अस्सल डोळा माझ्या कपाळाशी आला, कानाशी गेला, परत आला.

"लॉर्ना," तो म्हणाला, "तुझा चेहरा कुठे गेला?"

आणि त्याने माझी हनुवटी दोन बोटांत धरली, डबी धरायचा तशीच खिडकीच्या उजेडाकडे केली, आणि थोडी फिरवून पाहिली.