आमच्या ऑफिसातली एकमेव बहरीनी

ऑफिसातलं ऑफिसातच ठेवायचं, असं मी लग्नानंतर इथे बहरीनला आले तेव्हाच ठरवलं होतं. पण सलमाबादच्या ऑफिसातून बुदैयाला घरी पोचेपर्यंत पोटात इतकं साठलेलं असतं, की नवरा बूट काढत असतानाच मी सुरू होते. एरवी मी गप्प बसणारी, म्हणून त्याला जास्तच मजा वाटते. हल्ली तोच विचारतो, "आज कोण पळालं?"

पळालं म्हणजे नोकरी नको म्हणून गेलं. आमची कंपनी एसीचे डक्ट बनवते. सरकारचा नियम साधा आहे: ठरावीक प्रमाणात बहरीनी माणसं नोकरीवर ठेवा, तरच परदेशी लोकांची परमिटं रिन्यू होतील. आमच्या हिशेबात एकच बहरीनी लागत होता, आणि नेमका तोच नव्हता. आणि माझं परमिट संपत आलेलं! रिन्यू झालं नाही, तर मी दिवसभर हायवेच्या कडेच्या फ्लॅटमध्ये. गाडी नाही, लायसन्स नाही आणि एम.कॉम. कपाटात.

*

पहिला उमेदवार आला तेव्हा आमचे मॅनेजर कुलकर्णी सर टाय लावून बसले होते. ऑफिसातला एसी मात्र कित्येक दिवस बंद. तो तरुण घाम पुसत इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही एसीचंच काम करता ना?"

"येस! सगळ्या बहरीनमध्ये!"

"मग हा?"

"होईल दुरुस्त, इंशाल्ला."

"मग मीही येईन, इंशाल्ला," असं म्हणून तो उठला. अजून येतोय!

*

मग सरांनी माझ्याकडून नवी जाहिरात लिहून घेतली. अट पहिली: उमेदवार बहरीनीच हवा. अट दुसरी: हिंदी आलीच पाहिजे.

मी हळूच म्हटलं, "सर, बहरीनी माणसाला बहरीनमध्ये हिंदी कशाला?"

"अहो मॅडम, नाहीतर तो आपल्याशी बोलणार कसा?"

आमची सगळी सरकारी कागदपत्रं करणारे दाऊदभाई तिथेच होते. मूळचे रत्नागिरीचे, अर्धं आयुष्य इथे गेलेलं. चहाचा कप खाली ठेवत ते मला म्हणाले, "बघ बाय, आता ह्या लोकांनाच आपल्या ऑफिसात यायला व्हिसा लागेल!"

*

उन्हाळ्यात इथे भर दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते. चांगला नियम आहे. पण बसलेली माणसं सरांना बघवत नाहीत. म्हणून त्यांनी सगळ्या कामगारांना पत्र्याच्या शेडमध्ये कोंबलं आणि सेफ्टी ट्रेनिंग सुरू केलं. विषय काय? उष्माघात कसा टाळावा!

थोड्या वेळानं फोरमन उठला. शर्ट अंगाला चिकटलेला. म्हणाला, "सर, उष्माघात कैसे होता है, सब को समझ में आ गया. अब बाहर धूप में बैठें?"

*

शेवटी मरियम मिळाली. इथल्याच मुहर्रकची, कॉमर्स शिकलेली, सिनेमे बघून बघून हिंदी फाडफाड बोलणारी. आमचा आकडा जुळला! जिच्यामुळे अख्ख्या ऑफिसची परमिटं टिकणार, तिचं स्वागत नव्या सुनेसारखं झालं. माझंही सासरी एवढं झालं नव्हतं. एसीसुद्धा दुरुस्त झाला.

सरांचा हुकूम निघाला, "तिला कुणी काम सांगायचं नाही. कंटाळून जाईल!"

आणि ती नेमकी त्यालाच कंटाळली. एका सकाळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "केतकी, मैं जा रही हूँ. इधर काम मफी!" मफी म्हणजे इथल्या भाषेत 'नाही'.

ती गेली की माझं परमिट गेलं. मी मुकाट्यानं एक खुर्ची ओढली, तिला बसवलं आणि माझंच काम तिला शिकवायला घेतलं. आधी बिलं, मग व्हॅट, मग पगारपत्रकं. पोरगी भलतीच हुशार. थांबली.

घरी नवरा म्हणाला, "शाब्बास!" मलाही तेव्हा तसंच वाटलं.

*

आता परवाचं. माझे पेपर्स घेऊन दाऊदभाई परमिटच्या ऑफिसला निघाले होते. तेवढ्यात सर खुशीत बाहेर आले.

"थांबा हो दाऊदभाई. केतकी मॅडम, मरियम तर तुमचं सगळंच काम करते की! मग तुमच्या परमिटवर उगाच खर्च कशाला?"

दाऊदभाई दारातच थबकले.

मरियमनं कॉम्प्युटरवरून नजरही काढली नाही. "केतकी गई, तो मैं भी गई."

"अरे मरियमजी, आप तो हमारी फॅमिली हो!" सर हसले.

तिनं कॉम्प्युटर बंद केला, पर्स खांद्याला लावली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "सर, आपका परमिट कब खतम होता है?"

सर गर्रकन दाराकडे वळून ओरडले, "दाऊदभाई! तुम्ही अजून इथेच?"