तळाला चिकटलेले पट्टे

त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं भणभणत होतं. दुपारी गाईड सर नागपूरहून येणार, पाण्यातले पट्टे बघणार आणि मगच माझ्या पीएचडीच्या मुदतवाढीवर सही करणार होते. आणि पट्टे तर महिनोन्‌महिने दिसत नव्हते! खवळून वाहणारं पाणीसुद्धा भिंतीलगत, तळालगत नुसता गोंधळ घालत नाही. तिथं संथ आणि वेगवान पाण्याचे लांब पट्टे तयार होतात, वळवळतात, उसळून फुटतात. ते मोजणं हेच माझं काम. काचेच्या लांब नालीत पाणी सोडायचं, तळाशी केसाएवढ्या तारेतून वीज द्यायची. तारेवरून बारीक बुडबुडे सुटतात आणि पट्टे डोळ्यांना दिसतात म्हणे. माझे बुडबुडे नुसते विस्कटायचे. गोंदियाची लाइट कमी-जास्त झाली की पंप आचके द्यायचा आणि मी येरझारा घालत त्याला शिव्या द्यायचे.

आदल्या दिवशी दसरा होता. प्रयोगशाळेतल्या यंत्रांच्या पूजेला आई अर्जुनी मोरगावहून आली होती, ती माझ्या गोंदियातल्या, कुडव्याच्या भाड्याच्या खोलीवरच राहिली. आजही हट्टानं सोबत आली आणि कोपऱ्यात स्टुलावर बसली.

सर आले. मी पंप लावला. आणि अहो, पट्टे! सरळ, ठळक, चांगले पाच. सर म्हणाले, "क्या बात है!" मला नाचावंसं वाटलं.

पण पट्टे जागचे हलेचनात. पाणी आपणहून असले पट्टे कधीच करत नाही. मी पंप बंद करून तळावरून हात फिरवला, तर तारेच्या जरा अलीकडे बोटांना काहीतरी टोचलं. खड्याच्या पाच टिकल्या!

"काऊन काढून राहिली वं?" आई ओरडली. "काल नाली कोरडी होती तवा लावल्या मीनं. कुंकू पाण्यात धुऊन गेलं असतं ना!"

टिकल्यांना अडून पाणी फाटत होतं, एवढंच. सरांना तसं सांगितलं. टिकल्या काढून पुन्हा पाणी सोडलं, बुडबुडे विस्कटले. सरांनी पेन खिशात ठेवलं, "बघू" म्हणाले आणि गेले.

आईचं तोंड एवढंसं झालं. "माह्या हातानं तुहं वाटोळं झालं का वं?"

"नाही वं आई. तू टिकल्या लावल्या नसत्या तं काहीच दिसलं नसतं."

तिची समजूत घालायला बोलले होते. बोलल्यावर मला त्याचा अर्थ कळला: इतक्या महिन्यांत दिसलेले पट्टे तेवढेच, आणि तेही आईचे. मी तिच्यासमोरच हमसून हमसून रडले.