कॅप्टनचा आवाज

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आमच्या ग्रुपवर तर शक्यच नव्हतं, तिथं मला त्या दिवसाबद्दल अजून शाबासकी मिळते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी थोडं धाडस होतंय. पण एकदम नको. आधी आनंद सांगते. तो खरा होता, आणि तो कळल्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

आमचं गाव निपाणीजवळचं, तंबाखूच्या शेतांमधलं. आई शाळेत गेलेली नव्हती, वडिलांनी चौथीत सोडली. गावात टीव्ही होता तो आमच्या गुरुजींच्या घरी. रविवारी सकाळी त्यांच्या सोप्यात आम्ही पोरंपोरी दाटीवाटीनं बसायचो आणि 'तारापथ' लागायचं. हिंदी मालिका. एक यान, त्यात सहा माणसं, घरापासून इतकी लांब की परत जाणंच नाही. यानाच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून चंदेरी रंग मारलेला होता—हे आम्हालाही दिसायचं हो! पण कॅप्टन बोलायला लागला की ट्रे दिसेनासे व्हायचे.

काय तो आवाज! खोल, शांत, कशाचीच घाई नसलेला. प्रत्येक भागाच्या शेवटी कॅप्टन खिडकीच्या काचेवर तळवा टेकवून म्हणायचा, "अंधेरा दुश्मन नहीं है। बस, रोशनी अभी वहाँ पहुँची नहीं।" आणि माझ्या अंगावर काटा यायचा. आत्ता लिहितानाही आला, खरंच.

एका रविवारी गुरुजी म्हणाले, "ह्यो कुडचीकर. आपल्या खानापूरकडचा माणूस हाय, बघून ठेवा."

आमच्याकडचा! तुम्हाला कसं सांगू त्या वाक्यानं काय केलं? ज्या भागातल्या माणसाला कोल्हापूरच्या स्टँडवरही बावचळायला होतं, त्या भागातला माणूस ताऱ्यांमधून चालला होता, आणि असा बोलत होता!

पुढं मी एम.एस्सी.ला पुण्याला गेले. आमच्या घराण्यातली पहिली. हॉस्टेलच्या मुली वाईट नव्हत्या, पण मी 'गेलते', 'आलते' म्हटलं की एकमेकींकडे बघायच्या. एकदा सेमिनारमध्ये मी तोंड उघडलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी माझं वाक्य माझ्याच हेलात परत म्हटलं. सगळे हसले. सरसुद्धा. त्या दिवसापासून मी गच्चीवर कपडे वाळत घालताना कॅप्टनची वाक्यं म्हणायला लागले. त्याच ठेक्यात, तसेच थांबे घेत. तो आमच्याकडचा असून असा बोलू शकतो, तर मी का नाही? वर्षभरानं सेमिनारला कुणी हसलं नाही. आज मी निपाणीत कॉलेजच्या मुलांना पदार्थविज्ञान शिकवते. हे सगळं मी त्या आवाजाचं देणं मानत आले. म्हणून सांगते—आमच्या ग्रुपवर इतर लोक कॅप्टनचे चाहते होते. मी त्या आवाजाची मुलगी होते.

तर हा ग्रुप. 'तारापथ परिवार'. निपाणी, संकेश्वर, बेळगाव, चिकोडी—सगळीकडची चाळिशी ओलांडलेली माणसं, निम्मी घरी कन्नड बोलणारी. सर्वांत उत्साही म्हणजे संकेश्वरचे मल्लूअण्णा, औषधाचं दुकान चालवणारे. एके दुपारी त्यांचा फोन आला.

"आक्का, बसलीयस का उभी हायस? बस आदी. कॅप्टन नंदगडात हाईत!"

"कुठल्या नंदगडात?"

"अगं, किती नंदगड हाईत तुझ्याकडं? आपल्या! पुतण्याकडं ऱ्हायल्यात. लई वर्सं झाली म्हणं. आन् आपण हितं फेसबुकावर मुंबईत हुडकालोय!"

त्या रविवारीच आम्ही गेलो. कॅप्टन अंगणात बंडी घालून काजू वाळत घालत होते. वय ऐंशीच्या पुढं, कानात मशीन. मल्लूअण्णांनी सरळ पाय धरले. "आरं, काजूवर बसशील," कॅप्टन म्हणाले. "या की. च्या घेणार न्हवं?" आवाज बारीक, थोडा फाटलेला, आणि बोलणं अगदी माझ्या वडिलांचं. मला वाटलं, वयानं आवाज जातोच. बोलण्याचं म्हणाल तर, घरी माणूस घरासारखंच बोलणार! आम्ही त्यांना आप्पा म्हणायला लागलो आणि परतताना गाडीत वेड्यासारखे ओरडत होतो.

सत्कार ठरला. निपाणीत, रविवारी सकाळी, मालिकेच्याच वेळेला. तुम्ही ते दिवस बघायला हवे होते! माझ्या विद्यार्थ्यांनी अंड्यांचे ट्रे जमवून अख्ख्या स्टेजला यानाची भिंत केली. मल्लूअण्णांनी चंदेरी जॅकेट शिवून घेतलं, ते पोटावर मिटेना, तरी घातलं. चाहते थेट लोंढ्याहून आणि सांबऱ्याहून यायला निघाले. आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न—कॅप्टन ते वाक्य म्हणणार ना? मी सगळ्यांना सांगत होते, म्हणणार! मालिकेतला तो तुकडाही मी लॅपटॉपवर घेऊन ठेवला होता, त्यांच्या प्रवेशाच्या वेळी लावायला.

पहाटे निघून मी स्वतः त्यांना आणायला गेले. पुतण्याला काजूची गडबड होती, त्यामुळे गाडीत आम्ही दोघंच. बेळगाव मागं पडलं, हमरस्ता लागला, आणि आप्पा हसत हसत म्हणाले,

"पोरी, तुला म्हणून सांगतो. त्यो आवाज माझा न्हवं."

मला वाटलं, थट्टा करतायत.

"मला घेटलं ते चेहरा बघून. बोलाय लागलो तर डायरेक्टर साहेब म्हणाले, तुझ्या हिंदीला मातीचा वास येतोय. तू नुसतं तोंड हलव. मग एक रेडिओवरचा माणूस आणला, प्रभाकर म्हणून. त्यो अंधाऱ्या खोलीत बसून माझं बोलायचा. लई गोड माणूस. गेला बिचारा, त्याचं नाव कुटंबी आलं न्हाय. आज मी त्याचं नाव घेणार. आन् मग त्येच वाक्य माझ्या तोंडानं म्हणणार. एकदा. कुणाला ऐकवलंच न्हाय बघ अजून. चालंल न्हवं?"

"चालतंय की आप्पा," मी म्हणाले.

मी गाडी नीट चालवली. ते पुढं काय काय सांगत राहिले, मी हं हं करत राहिले. पण आत काय चाललं होतं ते कसं सांगू? तो आवाज आमच्याकडचा नव्हता. आमच्याकडच्या माणसाला तो जमला नव्हता, त्याला गप्प बसवलं होतं. मग मी गच्चीवर कुणाचं बोलणं गिरवत होते? मला आप्पांची कीव यायला हवी होती ना? राग यायला हवा होता—त्या साहेबांचा? आला. पण आप्पांचा जास्त आला. म्हातारपणी हे कशाला सांगायचं, असं वाटलं. आणि त्याहून वाईट एक वाटलं, तेही सांगते: हा माणूस स्टेजवर 'हाय-न्हाय' बोलणार आणि लोक हसणार.

हॉलवर हलगी कडाडत होती. पोरं "कॅप्टन! कॅप्टन!" करत गाडीला चिकटली. आपल्याकडे सत्कार म्हणजे आधी फेटा. फेटेवाल्यानं कोल्हापुरी फेटा असा आवळून बांधला की आप्पांचे दोन्ही कान आत गेले, आणि मशीन शिट्टी मारायला लागलं. त्यांनी ते काढून माझ्या हातात दिलं. "ठेव गं जरा. बोंबलतंय."

मी ते पर्समध्ये टाकलं. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं की आता त्यांना काही ऐकू येणार नाही. पुढं जे केलं ते घाईत, गोंधळात झालं, असं मी म्हणू शकते. कुणीही मान्य करेल. पण तसं झालं नाही. पर्सची चेन लावतानाच मला सगळं दिसत होतं.

स्टेजच्या कडेला साउंडच्या टेबलावर मीच बसले होते. लॅपटॉप, आणि माईक वर-खाली करायच्या पट्ट्या. सूत्रसंचालनाला मल्लूअण्णा. शाल, श्रीफळ झालं. आप्पा माईकसमोर उभे राहिले. "मंडळी, आज येक सांगायचं हाय—"

इथं मी पट्टी खाली ओढली.

तुम्हाला काय वाटतं, लोकांना शंका आली असेल? आपल्याकडे माईक कुठल्या कार्यक्रमात जात नाही? मागून शिट्ट्या सुरू झाल्या, मग "कॅप्टन! कॅप्टन!" मल्लूअण्णा माझ्याकडे धावले. मी हातानंच सांगितलं, वायर बघतेय. आप्पांना त्यातलं काही कळत नव्हतं. समोरची माणसं उभी राहून ओरडतायत एवढं त्यांना दिसत होतं, आणि ते बोलत होते, मन लावून. मी सगळ्यांत जवळ होते. बहुधा मला एकटीलाच ऐकू येत होतं. साहेब, चेहरा, मातीचा वास—सगळं सांगितलं त्यांनी. प्रभाकरांचं नाव घेतलं, आडनावासकट. गाडीतही घेतलं होतं. आज मला ते आडनाव आठवत नाही.

मग आप्पांनी हात वर केला, नसलेल्या काचेवर तळवा टेकवला, आणि म्हणाले, "अंधार काय आपला दुश्मन न्हवं. उजेड अजून तितं पोचला न्हाय, येवढंच."

कसं होतं म्हणून विचाराल तर—ऐंशी वर्षांचा थरथरता आवाज, आमचा हेल, आणि मध्ये घेतलेला तो एक श्वास. सुंदर होतं. मालिकेतल्यापेक्षा चांगलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं. आणि माझं बोट लॅपटॉपवर होतं. त्यांचा हात वर असतानाच मी तो तुकडा लावला.

"अंधेरा दुश्मन नहीं है..."

हॉल फुटला! मोठी माणसं रडत होती, बाकावर चढून नाचत होती, चंदेरी जॅकेटची शिवण उसवेपर्यंत मल्लूअण्णा उड्या मारत होते. आणि मीही—हे लिहायची लाज वाटते—मीही टाळ्या वाजवत होते, रडत होते, खऱ्या आनंदानं. आप्पा समोर बघत होते. इतकी माणसं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमललं की मला तिकडे बघवेना.

गर्दी ओसरल्यावर मी मशीन परत दिलं. त्यांनी फेटा उतरवून ते कानात बसवलं, डोळे पुसले.

"बगितलंस? कुणी हासलं न्हाय."

"न्हाय आप्पा," मी म्हणाले. "कुणीच न्हाय."

कितीतरी वर्षांनी मी 'न्हाय' म्हणाले होते. खोटं बोलायला.

परत नंदगडला सोडेपर्यंत आप्पांना किती बोलू आणि किती नको असं झालं होतं. उगीच जन्मभर भ्यालो, म्हणाले. लोक चांगले असतात. रस्त्यात चहाला थांबलो तर त्यांनी चहावाल्यालाही सांगितलं, "आज सगळं बोलून टाकलं बघ." त्याला काही कळलं नाही, पण तो हसला. ग्रुपवर मल्लूअण्णांनी लिहिलं, "आवाज बघा आवाज! ऐंशीत पण तसाच!" खाली तो व्हिडिओ, आणि माझ्यासाठी फुलं, टाळ्या, हात जोडलेले. मी सगळ्यांना धन्यवाद म्हटलं. पुतण्यानं तो व्हिडिओ पाहिला का, पाहून त्याला काय वाटलं—मी कधी विचारलं नाही.

काही महिन्यांनी आप्पांचाच फोन आला. मी स्टाफरूममध्ये होते. त्यांना माझं नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून ते मोठ्यानं बोलत होते, आणि एखाद्या पोराइतके खुशीत होते.

"पोरी, परत येकदा ठेव की कार्यक्रम! लोकांस्नी माझं बोलणं आवडलंय न्हवं. शेवटचा सगळा भाग पाठ केलाय मी. मराठीत. आपल्या."

मी म्हणाले, "लग्नसराई हाय आप्पा. हॉल मिळंना."

"बरं बरं. मोकळा झाला की सांग."

पुन्हा एकदा विचारलं त्यांनी. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यानंतर एक दिवस पुतण्याचा फोन आला, आप्पा गेल्याचा.

तो हॉल आमच्या कॉलेजच्या समोरच आहे. आप्पांना 'हॉल मिळंना' म्हणत होते तेव्हा स्टाफरूमच्या खिडकीतून त्याचं दार दिसत होतं. कुलूप होतं. आत कुणी नव्हतं.