चंदेरी पुठ्ठा

गल्लीत त्यांना नावाने कुणीच हाक मारत नसे. लहानथोर सगळ्यांचे ते 'आहे-तसं काका'. फोटो काढायला आलेलं गिऱ्हाईक स्टुलावर टेकायच्या आधीच काका सांगून मोकळे व्हायचे, "चेहरा आहे तसा येईल. पुसापुशी होणार नाही. पटत असेल तर बसा."

तो काळच असा होता, की फोटोग्राफर म्हणजे निम्मा रंगारी. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवायची, सुरकुत्या घालवायच्या, डाग बुजवायचे, हे सगळेच करत. कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला तर सत्तरीच्या म्हाताऱ्याला नवरदेव करून द्यायचा, मग घरी गेल्यावर बायको विचारायची, हा कुणाचा फोटो आणलात? काकांनी मात्र ती पेन्सिल आयुष्यात विकत घेतली नाही. एकदा एक ठेकेदार आला. म्हणाला, "नाक जरा सरळ करा, वाटल्यास वरचे पैसे घ्या." काका म्हणाले, "नाकासाठी डॉक्टर आहेत. माझ्याकडे नुसता फोटो मिळतो." ठेकेदार तणतणत जिना उतरला आणि काका शीळ घालत लेन्स पुसत बसले.

त्यांचं तत्त्वज्ञान दोन वाक्यांत संपायचं. खोटं करायचं नाही आणि कुरकुरायचं नाही. एवढं जमलं की उशीला डोकं टेकताच झोप लागते, आणि ज्याला झोप लागते तो सुखी. हे ते पोस्टमनला ऐकवायचे, दूधवाल्याला ऐकवायचे, आणि स्टुडिओच्या खाली बुटांचं दुकान होतं त्या दुकानदाराला तर रोज. तो बिचारा हात जोडायचा. "काका, तुमचं ठीक आहे हो. मीही बूट आहे तसाच राहू द्या म्हणायला लागलो, तर पॉलिशच्या डब्या कुणाला विकू?"

चेष्टेचा भाग सोडा, पण माणूस खरोखर सुखी होता. नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरात भांडण नाही, आदळआपट नाही. आणि बायको अशी, की तिचं हसू जिन्याच्या खालच्या पायरीवर ऐकू यावं.

तिच्या डाव्या गालावर भाजल्याची खूण होती. लहानपणी उकळत्या पाण्याचं पातेलं कलंडलं, तेव्हाची. कानापासून खाली मानेपर्यंत कातडी चुरगळलेल्या कागदासारखी झाली होती. काकांना त्याचं काही वाटलं नाही. खरंच नाही. त्यांनी स्वतः मागणी घातली, कचेरीत जाऊन दोघांनी सह्या केल्या. त्या दिवशीचा दोघांचा फोटोही नाही, कारण फोटोग्राफर नवराच होता आणि स्वतःच्या लग्नात त्याने साक्षीदारांचेच तेवढे फोटो काढले. पुढे कितीतरी वर्षं हा किस्सा दोघंही हसत हसत सांगायची.

लग्नानंतर वर्ष होत आलं असेल. एका दुपारी ती निळा पोशाख घालून, केस नीट विंचरून स्टुडिओत आली आणि स्टुलावर बसली.

"अहो, माझा एक काढा ना. आईला पाठवायचाय."

"अगं, बस की!" काका खूश झाले. दिवा सरकवू लागले.

ती जरा घुटमळली. मग गालाला बोट लावत म्हणाली, "एवढं तेवढं... पुसता येईल का? मला माहितीये तुम्ही करत नाही. पण माझ्यापुरतं?"

काकांना भरून आलं. त्यांना वाटलं, हिला अजून माझं प्रेम कळलेलंच नाही. म्हणाले, "तुला पुसू? वेडी आहेस का? मला तू आहेस तशीच हवीस." आणि लपवण्यासारखं काहीच नाही हे तिला पटावं, म्हणून दिवा उचलून मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला ठेवला.

फोटो उत्तम आला. रेघ न् रेघ स्वच्छ. काकांनी तो मोठा केला आणि तिला न सांगता खाली रस्त्यावरच्या, नमुन्याचे फोटो मांडायच्या काचेच्या पेटीत, अगदी मधोमध लावला. बाजारातून पिशव्या घेऊन परतताना तिने पाहिलं, तेव्हा पेटीसमोर दोन-तीन माणसं उभी होती. एक जण गालाकडे बोट दाखवून दुसऱ्याला काहीतरी सांगत होता. ती वर आली, पिशव्या ठेवल्या, किल्ली घेऊन पुन्हा खाली गेली आणि फोटो काढून आणला. "निगेटिव्हही द्या," एवढंच म्हणाली. काकांनी दिली. ती निगेटिव्ह पुन्हा कुणाच्या दृष्टीला पडली नाही.

काकांनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी ती पहिल्यासारखी हसली, तेव्हा त्यांनी विषय मिटला असं धरलं. न कुरकुरणारी बायको मिळाली म्हणून त्यांनी बुटांच्या दुकानदाराला चहाही पाजला.

त्यानंतर ती स्टुडिओत मदतीला यायला लागली. एका बाजूला दिवा असला की दुसऱ्या बाजूला चंदेरी कागद चिकटवलेला पुठ्ठा धरावा लागतो. दिव्याचा उजेड त्यावर आपटून मऊ होऊन चेहऱ्यावर परततो. तो पुठ्ठा तिने हातात घेतला तो कायमचा. पुठ्ठ्यामागून ती गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची, रडक्या पोरांना हसवायची. पुठ्ठ्याच्या कडेला धरलेली तिची बोटं बऱ्याचदा फोटोच्या कोपऱ्यात यायची. काका प्रत देताना ती कड पात्याने सफाईने कापून टाकायचे. तिच्याकडे कॅमेरा वळला की ती उठून कामाला लागायची. कुणी विचारलं तर काका म्हणायचे, "तिला फोटो काढून घ्यायला आवडत नाही." लेकीलाही त्यांनी हेच सांगितलं, आणि इतकी वर्षं सांगितलं की त्यांचं त्यांनाही ते खरं वाटायला लागलं.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. आजार थोड्याच दिवसांचा, पण तेवढा पुरला.

लेक दुसऱ्या गावात नोकरीला. ती आठवडाभर राहिली आणि जाताना म्हणाली, "बाबा, आईचा एक चांगला फोटो द्या. घरात लावायचाय."

काका "देतो की" म्हणाले आणि तसेच उभे राहिले. अख्ख्या गावाचे चेहरे त्यांच्या कपाटात होते. कुणाचं बारसं, कुणाचं लग्न, कुणाच्या पेन्शनचा कागद. बायकोचा एक नव्हता. ओळखपत्रावरचा होता, पण तो मोठा केला तर नुसते ठिपके उठत. लेकीच्या फोनमध्ये पाहिलं, तर प्रत्येक वेळी आईने पाठ फिरवलेली, नाहीतर तोंडासमोर हात. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

"शोधून ठेवतो. पुढच्या खेपेला ने," काका म्हणाले.

मग ते रोज सकाळी कपाट उघडून बसू लागले. एकेक निगेटिव्ह उजेडाला धरायची आणि पाकिटात परत ठेवायची. असेच बसलेले असताना एक दिवस बँकेतल्या कॅशियरबाई आल्या. त्यांचा एक डोळा जन्मापासून अर्धा मिटलेला. तरुणपणी काकांनी काढलेला फोटो पाण्याने खराब झाला होता, नवी प्रत हवी होती. काकांनी निगेटिव्ह शोधली, आणि पाहतच राहिले. फोटोत तो डोळा मिटलेला वाटतच नव्हता. बाई नुसत्या हसताहेत आणि हसताना डोळा बारीक झालाय, इतकंच.

"मी यात काही केलेलं नाही हं," काका सवयीने म्हणाले.

"तुम्ही नाहीच केलंत. काकूंनी केलं." बाई हसल्या. "तुम्ही फिल्म भरत होतात. काकू हळूच म्हणाल्या, 'ते काही पुसायचे नाहीत, पण तुम्ही मान जरा इकडे घ्या, बाकी मी बघते.' आणि तो पुठ्ठा असा तिरका धरला, खालून. गावात सगळ्या बायकांना माहीत होतं हो. म्हणून तर आम्ही तुमच्याकडे यायचो."

काकांच्या हातातली निगेटिव्ह खाली आली.

"मला कधी बोलली नाही," ते म्हणाले.

"मी एकदा विचारलं होतं त्यांना, की तुमचा कसा नाही काढला एकही? तर म्हणाल्या, काढला होता की. पण माझ्या वेळी पुठ्ठा धरायला कुणी नव्हतं." बाई सहज बोलून गेल्या. मग त्यांनी काकांचा चेहरा पाहिला. "हसतच म्हणाल्या होत्या," त्यांनी घाईने जोडलं.

बाई गेल्यावर काका स्टुलावर बसले. त्यावर ते स्वतः कधी बसले नव्हते. समोर कॅमेरा, डावीकडे दिवा. पुठ्ठा उजवीकडे भिंतीला टेकलेला, हातभर अंतरावर. त्या दुपारीही तो तिथेच होता. पेन्सिल लागणार नव्हती, खोटं करावं लागणार नव्हतं. दिवा पलीकडे न्यायचा आणि पुठ्ठा उचलायचा, एवढंच. बायकोने एकदाच काही मागितलं होतं आणि आपण तिला तत्त्व ऐकवलं, याची त्यांना इतकी लाज वाटली की दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं. कुरकुरली नाही म्हणून तिला सुखी समजलो. तिला खरंच झोप लागायची का, हे तिला विचारायला हवं होतं.

लेक पुढच्या खेपेला आली, तेव्हा चौकट तयार होती. आत कॅशियरबाईंचा फोटो, पण न कापलेला. उजव्या कोपऱ्यात तिरका चंदेरी पुठ्ठा आणि त्याच्या कडेवर चार बोटं, एका बोटावर शिवणाची सुई टोचल्याची खूण.

लेकीने बराच वेळ पाहिलं. बोटांवरून बोट फिरवलं. "आईच," ती म्हणाली. मग विचारलं, "चेहरा कुठेच नाही?"

"नाही."

"तिला आवडायचंच नाही ना, फोटो काढून घ्यायला."

काकांनी नेहमीप्रमाणे मान हलवायला घेतली आणि थांबवली. आयुष्यभर ज्या माणसाने एका डागावर पेन्सिल लावली नाही, त्याने हे एक वाक्य किती गुळगुळीत घोटून ठेवलं होतं!

"आवडायचं," ते म्हणाले. "निळा पोशाख घालून, केस विंचरून बसली होती. मीच नीट काढला नाही."

लेकीने वर पाहिलं. काका भिंतीला टेकलेल्या पुठ्ठ्याकडे बघत होते.

"सांगा," ती म्हणाली आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली.